एकोणीस बोटांचं निरंक

एकोणीस माणसांचं रक्त मी मुंग्यांना खाऊ घातलं.

नगर जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरात, एका उपकेंद्रात मी आरोग्यसेवक आहे. हिवताप, म्हणजे मलेरिया, ओळखायला बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरतात. वाळला की डबा बंद करून प्रयोगशाळेत पाठवतात. बंद करून. हे मी नव्या आशा सेविकांना फळ्यावर चित्र काढून शिकवतो. पावसाळी हवेत थेंब वाळेनात, म्हणून मी डबा टेबलावर उघडा ठेवला, शेजारी अर्धा खाल्लेला लाडू ठेवला आणि जेवायला गेलो. आलो तर लाडू शाबूत. मुंग्यांना रक्त जास्त आवडतं, हे मला नोकरीच्या बाविसाव्या वर्षी कळलं.

त्या काचा वरच्या वाडीच्या आशा सेविका मंदाताई यांनी सकाळी आपल्या पिशवीतून आणल्या होत्या. ओढ्याला पाणी, म्हणून डोंगराला वळसा घालून, चालत. वाडीत घरोघरी थंडी वाजून ताप. त्यात आठ महिन्यांची गरोदर कमल. जागच्या जागी निदान करणारं किट असतं तर काचांची गरजच नव्हती. पण किटं कधीच संपलेली. मी तीनदा मागणी केली. तीनदा उत्तर आलं, ‘मागणी विहित नमुन्यात नाही.’ तो नमुना मागितला, तर तोही संपलेला!

तालुक्याच्या साहेबांना फोन लावला.

"साहेब, वरच्या वाडीच्या काचा गेल्या."

"कुठं गेल्या?"

"मुंग्यांनी खाल्ल्या."

"काचा?"

"रक्त, साहेब."

"मग निरंक लिहा. आठवड्याचा रिपोर्ट आज जायचाय."

निरंक म्हणजे सरकारी भाषेत ‘काही नाही’. आणि मी लिहिलं की! हाताला सवय. शाई वाळतेय तोवर मंदाताई बाजार उरकून दारात.

"काय लिवलं, भाऊ?"

"निरंक."

"म्हंजी?"

मुंग्यांचं सांगितलं. थाप सुचली होती, धीर झाला नाही.

"मंग ताप न्हाई म्हंता, का रक्त न्हाई म्हंता?" त्यांचा आवाज चढला. "मानसं बोट पुढं करत नव्हती. माज्या तोंडाकडं बघून केलं. आता कमळीला काय सांगू? तुजं निरंक झालं?"

मला साहेबांचा संताप आला, किटवाल्यांचा आला, स्वतःचा तर आलाच. पण सगळ्यात जास्त त्या शब्दाचा. तपासलं आणि सापडलं नाही, निरंक. तपासलंच नाही, तरी निरंक. कुणी मेलं आणि नोंदलं नाही, तरी निरंकच. मी तो खोडला आणि लिहिलं, ‘एकोणीस नमुने माझ्या निष्काळजीपणामुळे मुंग्यांनी खाल्ले. किट नाहीत. वाडीत ताप आहे.’ पाठवून दिलं.

मग मोटारसायकल काढली. शेजारच्या केंद्रात भांडून पाच किटं आणली आणि मंदाताईंच्या मागं वाडी चढलो. कमलच्या किटवर हिवतापाची रेघ उमटली. गड्यांनी तिला डोलीतून खाली आणलं, तिथून जीपनं ग्रामीण रुग्णालयात. ती वाचली. पुढं सुखरूप बाळंतही झाली. उरलेली चार किटं पुरेनात, म्हणून बाकीच्यांची बोटं टोचून परत काचा केल्या आणि या वेळी डबा बंद करून पाठवल्या. आणखी सहा जणांना हिवताप निघाला, गोळ्या सुरू केल्या.

मला दोन दिवसांत नोटीस आली. ‘अहवालात अशासकीय भाषा वापरल्याबद्दल कारणे दाखवा.’ किटं तीन आठवड्यांनी आली. यातून एवढंच शिकलो, की ऑफिसला डासांचं काही वाटत नाही, मुंग्यांची मात्र भीती वाटते.

पुढच्या फेरीला वाडीवर गेलो, तेव्हा ही नोटीस मी जरा ऐटीतच वाचून दाखवली. वाटलं, कुणी हळहळेल. कमलच्या सासूनं सगळं ऐकून घेतलं आणि मंदाताईंना म्हणाली,

"मंदे, ह्यांना तुज्या हाताखाली घे. पर आदी म्हैनाभर नुस्ती पिशवी धरू दी."