भंगाराच्या डब्यातला दोरा

अकरा वाजले तरी मंगलनं एकही कॉइल भरली नव्हती. स्टेटर समोर ठेवून, मांडीवर हात घेऊन ती नुसती बसली होती.

"काय गं, मुहूर्त बघतेस का?" मी विचारलं.

बाकीच्या मुली हसल्या. मीही थोडी हसले. ते हसणं मला अजून आठवतं.

नाशिकला मुलींना मोटर रिवाइंडिंग शिकवणाऱ्या एका सेंटरमध्ये मी इन्स्ट्रक्टर होते, तेव्हाची ही गोष्ट. माझं गाव उदगीरकडचं. सातवीत शाळा सुटली. लग्न होऊन इकडे आले आणि सातपूरला कंपनीत वाइंडिंगच्या लाइनवर हात बसला. कंपनी बंद पडल्यावर सेंटरच्या सरांनी मला घेतलं. सर्टिफिकेट मागितलं नाही. एक जळालेला स्टेटर पुढे ठेवला आणि म्हणाले, "भरून दाखवा." त्यांचे उपकार मी विसरले नाही. पण धास्तीही कधी गेली नाही. कुणीतरी एक दिवस विचारणार, या बाईचं शिक्षण किती? म्हणून मी रजिस्टर फार जपायची. अक्षर टपोरं, पट्टीनं रेघा. रजिस्टर नीट आहे तोवर आपली नोकरी नीट आहे, असं मला वाटायचं.

मोटर भरणं म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. स्टेटर हा मोटरचा न फिरणारा, बाहेरचा भाग. त्याला आतून खाचा असतात. खाचांमध्ये तांब्याच्या तारेची वेटोळी बसवतात, त्या कॉइल. मोटर जळली की जुनी तार कापून काढायची आणि तशीच नवी भरायची. पण कापायच्या आधी सगळं टिपून घ्यायचं: तार किती जाड, एका कॉइलला वेढे किती, कॉइल कुठल्या खाचेतून निघून कुठल्या खाचेत जाते. याला आम्ही डाटा म्हणतो, तो रजिस्टरमध्ये लिहायचा. डाटा चुकला तर मोटर पुन्हा जळते.

मंगल कळवणकडच्या खेड्यातली, अठरा-एकोणीस वर्षांची. हात सुरेख, पण रजिस्टर भयंकर. बावन्न वेढे मोजायची आणि पंचवीस लिहायची. फळ्यावरचं उतरवताना अर्धी ओळ गायब. मी तिला एकेक पान दहादा लिहायला लावलं होतं. उपयोग शून्य. सरांनी रजिस्टर बघितलं आणि मला बोलावलं.

"मॅडम, हे आकडे आहेत की मुंग्या?"

"महिनाभर सांगतेय सर. लक्षच देत नाही."

"चांदवडच्या शेतकऱ्याची पंपाची मोटर आलीय ना, ती हिला एकटीला द्या. चालली तर परीक्षेला बसेल. नाही तर सोमवारी घरी."

घरी म्हणजे कांद्याच्या खळ्यावर आईबरोबर रोजानं. मोठ्या भावानं तिला एकदाच पाठवलं होतं. दुसऱ्यांदा पाठवणार नव्हता.

मंगलनं आदल्या दिवशी जुनी तार कापली, भट्टीत तापवून ओढून काढली. आणि आता अकरा वाजले तरी ती नुसती बसली होती. मी तिचं रजिस्टर उघडलं. पान कोरं.

"डाटा कुठाय?"

"व्हता, बाई."

"होता म्हणजे?"

"तुमीच टाकला."

मला काही कळेना. मग आठवलं. सकाळी टेबल आवरताना स्टेटरवर दोऱ्यांची जुडी दिसली होती. लाल, पिवळा, निळा असे तीन दोरे, गाठी मारलेले. प्रत्येकाच्या टोकाला तांब्याच्या तारेचा तुकडा बांधलेला, ताईतासारखा. परीक्षा आली की मुली कुठून कुठून भगताचे गंडेदोरे आणतात, ते मी बघितलेलं. "गंडे बांधून मोटर फिरत नसते," असं सगळ्यांना ऐकवून मी ती जुडी भंगाराच्या डब्यात टाकली होती.

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुमी लय रागात व्हत्या. त्यातच सगळी मोटर व्हती, बाई."

भंगारवाला दुपारी यायचा होता. आम्ही दोघींनी डबा फरशीवर उलटा केला. जळकी तार, काळा कागद, वार्निशचा वास. हात कोपरापर्यंत काळे. अर्ध्या तासानं लाल दोरा मिळाला, मग पिवळा. निळा मिळेना.

"आता कसं गं?" मी विचारलं.

मंगलनं दोन्ही दोरे बोटांतून सरकवले. मोठी गाठ म्हणजे दहा, बारीक म्हणजे एक. पाच मोठ्या, दोन बारीक: बावन्न वेढे. मग थोडा दोरा मोकळा सोडून खाचांच्या गाठी. टोकाचा तुकडा म्हणजे तारेची जाडी. रंग म्हणजे फेज. लाल, पिवळा, निळा हे विजेचे तीन फेज मीच शिकवले होते.

"निळा नसला तरी चालतंय," ती म्हणाली. "तिन्ही सारखेच असत्यात ना? लाल ते पिवळा जेवढ्या खाचा, तेवढ्याच पिवळा ते निळा."

हे मी फळ्यावर चार वेळा शिकवलं होतं. रजिस्टर छान लिहिणाऱ्या मुलींना ते पाठ होतं. समजलं होतं हिला.

शनिवारी संध्याकाळी मोटर टेस्टिंगला लावली. सर मीटर धरून उभे. मोटर फिरली, आवाज एकसारखा, तिन्ही फेजला करंट सारखा.

"छान. रजिस्टर?"

मी दोन्ही दोरे त्यांच्या हातात दिले आणि भंगाराचा प्रकारही सांगितला.

"परीक्षा लेखी असते, मॅडम."

"सर, मला घेताना तुम्ही कागद बघितला नव्हता. काम बघितलं होतं."

एवढं मी त्यांना आधी कधी बोलले नव्हते. सरांनी गाठी एकेक करून चाचपल्या.

"ती तोंडी सांगेल, पण लिहिणार कोण?"

"मी नको," मी म्हणाले. "नाही तर उत्तरं मीच दिली म्हणाल."

ऑफिसातल्या क्लार्कनं लिहिलं. मंगल पास झाली. पहिली वगैरे नाही, पास. पुढे कळवणला एका पंप रिपेअरिंगच्या दुकानात लागली.

गंगापूर रोडच्या एका शाळेतल्या बाईंनी नंतर मला याचं नाव सांगितलं, डिस्लेक्सिया. डोकं चांगलं असतं, पण अक्षरं-आकडे वाचताना, लिहिताना जागा सोडतात. दहादा लिहायला लावून ते जात नाही, असंही म्हणाल्या. ती दहा-दहा पानं मला आठवली.

त्यानंतर मी नव्या बॅचला पहिल्या दिवशी सांगायची, डाटा कसाही ठेवा, पण मला वाचून दाखवता आला पाहिजे. आणि कुणाच्या टेबलावरचं काही टाकायचं असलं तर आधी विचारायची.

निळा दोरा काही सापडला नाही. भंगारवाल्याबरोबर गेला असणार.