चार जीबीत सगळं बसतं म्हणे

"चार जीबी मेमरी पुरते गं," असं नवरा म्हणाला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. लाटणं तिथेच ठेवून 'नाही पुरत' म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. नवऱ्यावरचा थोडा, स्वतःवरचा जास्त.

आम्ही इंग्लंडमध्ये बेसिंगस्टोकला राहतो. नवरा आयटीतला. क्लायंटच्या सर्व्हरला किती मेमरी लागेल, हे ठरवणं हेच त्याचं काम. दिवसभर घरातल्या छोट्या खोलीत बसून लोकांना कॉलवर बजावत असतो, "मिनिममवर जाऊ नका, दुप्पट घ्या, नाहीतर नंतर रडाल." मी मूळची नागपूरची. तिथे पॅथॉलॉजी लॅबमध्ये आठ वर्षं काढली. इथे येऊन चार वर्षं झाली आणि त्या चार वर्षांत मी फक्त फॉर्म भरले. प्रत्येकाचं उत्तर एकच, गोड शब्दांतलं 'नाही'. अशात एका हॉस्पिटलच्या लॅबकडून इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. पहिलंच. व्हिडिओ कॉलवर. मला ती नोकरी इतकी हवी होती की दृष्ट लागेल म्हणून मी आईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

माझा असा लॅपटॉप नव्हताच. नवऱ्याने लॉफ्टवरून त्याचा जुना खाली काढला. चालू वस्तू टाकायची नाही, हा आमच्याकडचा धर्म. चार्जरच्या वायरला टेप गुंडाळलेला, एक बटण निखळलेलं, पण चालू आहे ना, मग झालं. त्यातल्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमला अपडेट मिळणं बंद झालं होतं, म्हणून त्याने शनिवारभर बसून नवी टाकली. नव्या सिस्टीमच्या माहितीत लिहिलेलं होतं, मेमरी कमीत कमी चार जीबी. आपल्याकडे किती? चार. जमलं की!

"अरे, पण चारातली बहुतेक ऑपरेटिंग सिस्टीमलाच लागली, तर माझ्या कॉलला काय उरेल?" मी विचारलं होतं. एकदा तरी विचारलं होतं.

"तसं नसतं गं ते. ती मॅनेज करते."

डोंबलाची मॅनेज करते! चार पाहुणे येणार म्हणून मोजून चार माणसांचा भात कोणी लावतं का? माझ्या माहेरी असं केलं असतं तर जन्मभर नावं ठेवली असती. पण कॉम्प्युटर हे त्याचं खातं, आपण कशाला तोंड घाला, म्हणून मी गप्प बसले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असा माणूस समोर बसलेला दिसत असूनही मी त्याच्यावर भरवसा टाकला.

तीन आठवडे मी त्याच लॅपटॉपवर तयारी केली. एक फाइल उघडायची तर मधल्या वेळात चहा टाकून, गाळून, घेऊन यावा. दोन गोष्टी एकदम उघडल्या की झालं, बसला रुसून. रोज वाटायचं, आज याला ठणकावून सांगू. आणि रोज संध्याकाळी तो दमून बाहेर आला की मीच म्हणायची, जाऊ दे, उद्या. शेवटी एकदा पुटपुटले, तर म्हणाला, "त्या दिवशी बाकी सगळं बंद ठेव, बघ कसा पळतो." मी सगळं बंद ठेवलं. पण ऑपरेटिंग सिस्टीम कशी बंद ठेवणार बाप्पा?

मंगळवारी सकाळी दहाला इंटरव्ह्यू. समोर दोघं, एक पांढऱ्या केसांच्या बाई आणि एक तरुण गृहस्थ. पहिले दोन प्रश्न छान गेले. तिसरा बाईंनी विचारला. तुमच्यापेक्षा वरचा माणूस चुकतोय असं दिसलं आणि तुम्ही बोललात, असा प्रसंग सांगा. हा तर माझा पाठ होता! नागपूरच्या लॅबमध्ये एकदा दोन नमुन्यांच्या लेबलांची अदलाबदल झालेली मी पकडली होती, आणि "तसाच रिपोर्ट द्या" म्हणणाऱ्या डॉक्टरांना अडवलं होतं. मी सुरुवात केली, आणि लॅपटॉपचा पंखा घोंघावायला लागला. बाईंचं तोंड अर्धवट उघडं राहून तिथेच थांबलं. ऑपरेटिंग सिस्टीमला नेमका तोच मुहूर्त सापडला होता अपडेट उतरवायला. मेमरी भरली की कॉम्प्युटर डिस्कवर जागा शोधतो. ओट्यावर जागा नाही म्हणून परात हॉलमध्ये नेऊन ठेवायची आणि दर पोळीला पीठ आणायला हॉलमध्ये पळायचं, तसला प्रकार. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी नुसती "हॅलो, कॅन यू हिअर मी?" करत त्या थांबलेल्या तोंडाकडे बघत होते. आणि भिंतीपलीकडून नवऱ्याचा खणखणीत आवाज, "नो नो, नेव्हर गो विथ द मिनिमम!" खरं सांगते, त्या भिंतीला लाथ घालावीशी वाटली.

तेवढ्यात माझा फोन वाजला. बाईच होत्या. म्हणाल्या, काळजी करू नका, दहा मिनिटं उरली आहेत, फोनवरच बोलू, आणि तोच प्रश्न पुन्हा विचारते. पण पाठ केलेलं सगळं उडून गेलं होतं. डोक्यात होता तो फक्त राग, आणि तोच तोंडातून बाहेर पडला. म्हटलं, हा लॅपटॉप पुरणार नाही हे मला तीन आठवड्यांपूर्वीच दिसलं होतं, पण नवरा यातला जाणकार, म्हणून गप्प बसले, आणि आता बघा. दोघं मनापासून हसले. मीही हसले. मला वाटलं, आवडलं त्यांना. लेबलांची गोष्ट राहूनच गेली.

दोन दिवसांनी नकार आला. इथे कारण विचारायची पद्धत आहे, म्हणून फोन केला. बाई फार मऊ बोलल्या. तुमचा अनुभव चांगला आहे, म्हणाल्या. पण आम्ही बोलल्याचा प्रसंग विचारला होता, आणि तुम्ही दिसत असून गप्प बसल्याचा सांगितलात. लॅबमध्ये तसं गप्प बसणं पेशंटला भोवतं.

मी डॉक्टरांना अडवलं होतं हो! सगळ्या लॅबसमोर अडवलं होतं. आणि तीच मी इथे येऊन एका खटारा लॅपटॉपसाठी तीन आठवडे तोंड उघडेना. फोन ठेवला आणि बाथरूमचं दार लावून रडले.

संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याचं तोंड उतरलं. "चूक झाली गं माझी," म्हणाला. जुन्यात मेमरी वाढवण्याची सोयच नव्हती, म्हणून तो नवे लॅपटॉप बघायला बसला. "हा आठ जीबीचा घेऊ. तुझ्या कामाला आठ भरपूर होतात."

"सोळा," मी म्हटलं.

"अगं, पण तुला एवढी कशाला..."

"सोळा म्हटलं ना! तू काय सांगणार आहेस ते मला माहीत आहे, आणि मला ते ऐकायचं नाही."

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मुकाट्याने सोळाचा निवडला. मला वाटलं होतं, बरं वाटेल. कसलं काय! एवढंसं बोलायला मला एक नोकरी घालवावी लागली.