साहेबांना दिलेला लांब्या

माझ्या मेहुणीचं कन्यादान मी करू शकलो नाही, कारण अमेरिकेत एका उंच माणसाकडे त्या आठवड्यात फार वेळा चेंडू फेकला गेला.

हे वाक्य मी आजवर बऱ्याच नातेवाइकांना सांगून पाहिलं आहे. ऐकणारा आधी माझ्याकडे बघतो, मग माझ्या बायकोकडे बघतो आणि मग हळूच विचारतो, "चहा घेणार का?" म्हणून आता एकदा नीट पहिल्यापासून सांगतो.

तेव्हा आम्ही आखातात, रुवैसला होतो. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला वाळवंट, मध्ये रिफायनरी, आणि त्या रिफायनरीच्या मेंटेनन्सची कामं घेणारी आमची कंपनी. अळूची पानं हवी असली तरी कोणीतरी अबुधाबीला जाणारं शोधावं लागे. मी प्लॅनिंग इंजिनिअर. माझं काम म्हणजे पंपांच्या बेअरिंगचं तापमान दर आठवड्याला कागदावर मांडायचं, ठिपके जोडायचे, आणि रेघ वर चढायला लागली की पंप बसायच्या आत ओरडायचं. ह्याला 'ट्रेंड' म्हणतात. सवय इतकी वाईट, की घरी मी दुधाचासुद्धा ट्रेंड काढला होता. (बायकोने तो फ्रिजवरून काढून केराच्या टोपलीत टाकला.)

आमचे साहेब अमेरिकन. नाव डग. स्वभावाने देवमाणूस, आकाराने कपाट. त्यांनी ऑफिसात एक खेळ सुरू केला होता, त्याचं नाव फँटसी फुटबॉल. हा अमेरिकन फुटबॉल पायाने फारसा खेळत नाहीत. एकजण चेंडू फेकतो, दुसरा पळत जाऊन तो झेलतो आणि उरलेले सगळे त्याच्या अंगावर पडतात. आपण मात्र ह्यातलं काहीही करायचं नाही! खुर्चीत बसून त्या खऱ्या खेळाडूंमधून आपली कागदावरची टीम निवडायची. रविवारी ते तिकडे पळतात, आणि त्यांचे गुण इकडे आपल्या नावावर जमा होतात. एक जागा भरत नव्हती म्हणून डगसाहेबांनी मला धरलं. म्हणाले, तू आकड्यांचा माणूस आहेस.

मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण इंटरनेटवर एक तक्ता सापडला. झेलणाऱ्याला म्हणतात रिसीव्हर. त्याच्याकडे किती वेळा चेंडू फेकला, मग तो त्याने झेलला असो वा नसो, तो आकडा म्हणजे त्याची 'टार्गेट्स'. दर आठवड्याचा आकडा समोर होता. मला अजून काय हवं? मी ठिपके मांडले, जोडले, आणि ज्याची रेघ चढती त्याला खेळवायला सुरुवात केली. बेअरिंगचंच तंत्र, फक्त इथे गरम झालेलं चांगलं. आणि मी जिंकायला लागलो. ऑफिसातले लोक मला जाणकार समजू लागले, आणि हळूहळू मीही समजू लागलो.

इंटरनेट तेव्हा टेलिफोनच्या वायरीतून यायचं, त्यामुळे मी तक्ते बघत असलो की घरचा फोन बंद. एकदा नीला, म्हणजे माझी बायको, चिपळूणहून येणाऱ्या आईच्या फोनची वाट बघून वैतागली.

"अहो, काय बघता एवढं त्यात?"

"टार्गेट्स."

"म्हणजे?"

मी तिला समजेल असं सांगितलं. "हे बघ, पंगत बसली आहे. वाढपी श्रीखंड घेऊन कोणाकडे किती वेळा जातो, ते टार्गेट. मग त्याने घेतलं की पानावर आडवा हात धरला, ते वेगळं."

"मग सरळ सांगा ना. वाढपी ज्याच्याकडे सारखा जातोय त्याचं वजन वाढतंय."

अमेरिकेतले पंडित जे पानंपानं लिहून समजावत होते, ते तिने एका वाक्यात संपवलं. मला तिचा फार अभिमान वाटला. (पुढे हाच अभिमान मला भोवला.)

आता खरी गोष्ट. नीलाची धाकटी बहीण शुभी, तिचं लग्न डिसेंबरच्या शेवटी चिपळूणला ठरलं. माझे सासरे नाहीत. त्यामुळे कन्यादान आम्ही दोघांनी करायचं, असं सासूबाईंनी मोठ्या विश्वासाने सांगितलं होतं. मी दुसऱ्याच दिवशी सुट्टी मागायला साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. साहेबांनाही नेमके तेच दिवस हवे होते. त्यांची म्हातारी आई नाताळपासून नव्या वर्षापर्यंत सगळ्या मुलांना घरी बोलावून बसली होती. आणि कामाच्या परमिटवर सही करण्याचा अधिकार आम्हा दोघांनाच, म्हणजे दोघांपैकी एकजण रुवैसमध्ये हवाच.

साहेब मनात आणते तर सरळ निघून गेले असते. पण देवमाणूस! म्हणाले, "मी साहेब आहे म्हणून मी जायचं, हे बरोबर नाही. आपण दोघंही ह्या फुटबॉलच्या लीगमध्ये वर आहोत. जो पुढे जाईल तो सुट्टीवर जाईल. मंजूर?"

"साहेब, माझ्या मेहुणीचं कन्यादान आहे" एवढं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पण एवढा मोठा माणूस एवढ्या सरळपणे विचारतोय म्हटल्यावर मी म्हणालो, "मंजूर."

घरी आल्यावर नीलाने विचारलं, "सुट्टीचं काय झालं?"

"मिळाल्यातच जमा आहे," मी म्हणालो. ट्रेंड माझ्या बाजूने होता.

बाद फेरी सुरू झाली. एकेकजण गळत गेला आणि शेवटच्या सामन्याला समोरासमोर उरलो डगसाहेब आणि मी. माझी झोप उडाली, पण माझ्याकडे हुकमाचा पत्ता होता. कोणाच्या खिजगणतीत नसलेला एक उंच, हडकुळा पोरगा. त्याची टार्गेट्स दर आठवड्याला चढत होती, आणि तो अजून कोणाच्या नजरेत आला नव्हता. त्याचं आडनाव उच्चारता येत नसल्याने नीलाने त्याला 'लांब्या' म्हणायला सुरुवात केली होती. शुभीचं कन्यादान आता ह्या लांब्यावर होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं, नीलाला मात्र नव्हतं.

आणि नीलाने त्याच शुक्रवारी साहेबांना जेवायला बोलावलं! परस्पर, फोन करून. "एवढी सुट्टी दिली माणसाने, एकदा पाटावर बसवून जेवू घालायला नको?"

आता हिला काय सांगायचं? मी म्हणालो, "छान केलंस."

शुक्रवारी साहेब भर दुपारी हजर झाले, हातात फुलं घेऊन. आमची दहा वर्षांची ऋता दुभाषी म्हणून शेजारी बसली, कारण नीला परक्या माणसाशी हिंदीतच बोलायची, मग तो मलबारी असो, पठाण असो की टेक्ससचा असो. पुऱ्या, अळूवडी, आणि लबने, म्हणजे तिकडचा चक्का, फेटून केलेलं श्रीखंड. साहेबांना त्यांच्या आईने शिकवलं होतं, की ताटात टाकायचं नाही. नीलाला तिच्या आईने शिकवलं होतं, की पाहुण्याचं ताट रिकामं दिसू द्यायचं नाही. त्यांनी ताट स्वच्छ केलं की हिने वाढलंच. हिने वाढलं की त्यांनी ते संपवलंच. दोन्ही आयांचे संस्कार एकमेकांना भिडले होते आणि मधल्या मधे साहेबांचा चेहरा लाल होत चालला होता.

"खलास, खलास," साहेब हात वर करून म्हणाले.

"सर, बस एक. मेरे हाथ का," नीला म्हणाली आणि चांगली पळीभर वाढली.

मी दोघांना थांबवायला हवं होतं. पण साहेब तेव्हा हसत म्हणाले, "मी आता समजलो, तुझ्या नवऱ्याला एवढी ताकद कुठून येते. हा लीगमध्ये आम्हाला झोपवतोय."

ऋताने हे सांगताच नीलाचा चेहरा उजळला. नवऱ्याचं कौतुक, तेही साहेबाच्या तोंडून. तिने हातातली पळी तशीच धरून हिंदीत सगळं शास्त्र सांगितलं. पंगत, वाढपी, टार्गेट्स, आणि शेवटी, "सर, अभी तो हमारे लांब्या का वजन बढ रहा है."

"हू इज लांब्या?" साहेबांनी विचारलं.

मी ऋताकडे डोळे वटारून बघितलं. तिला वाटलं, बाबा उत्तर द्यायला सांगतायत. तिने नाव आडनावासकट, टीमच्या नावासकट सांगितलं. वर म्हणाली, "ही इज बाबाज सीक्रेट वेपन."

साहेबांनी पळी बघितली, मला बघितलं, आणि त्यांच्या डोळ्यांत एकदम उजेड पडला. मोठ्या मनाने म्हणाले, "तो मला दे. बदल्यात माझा सगळ्यात नावाजलेला रिसीव्हर घे." आमच्या लीगमध्ये सामना सुरू होईपर्यंत अशी अदलाबदल चालायची. दोघांनी मान हलवली की झालं.

"काय म्हणतायत?" नीलाने विचारलं.

"लांब्या मागतायत."

"मग द्या की."

"अगं, तो असा देता येत नाही."

"का? तुमच्या घरचा आहे का तो? पाहुणा माणूस, जेवल्या ताटावर बसून तोंडाने काहीतरी मागतोय, आणि तुम्ही नाही म्हणणार? एवढी सुट्टी दिली त्यांनी."

"सुट्टी त्यांनी..." मी सुरुवात केली. साहेब प्रेमाने बघत होते. नीला बघत होती. सुट्टी अजून मिळालेलीच नाही, हे त्या ताटासमोर कोणत्या तोंडाने सांगणार?

"शुअर, सर," मी म्हणालो. ऋता म्हणाली, "बाबा, आर यू मॅड?" तिला आत अभ्यासाला पाठवण्यात आलं.

मिळालेल्या नावाजलेल्या रिसीव्हरचा ट्रेंड मी संध्याकाळी काढला. रेघ सरळ जमिनीकडे चालली होती.

सोमवारी सकाळी ऑफिसात निकाल बघितला. लांब्याकडे इतके चेंडू फेकले होते, की बाकीचे खेळाडू मैदानावर कशाला उभे होते कोण जाणे. त्याने सगळे झेलले. माझ्या नावाजलेल्याकडे दोनदा चेंडू आला. पहिला सुटला, दुसऱ्यात तो लंगडत बाहेर गेला. मी हरलो, आणि तेही माझ्याच ट्रेंडने!

पण अजून सगळं संपलं नव्हतं. दुपारी साहेब माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. चेहरा पडलेला. "हे बघ," ते म्हणाले, "तो पोरगा तुझा होता. मला बरं वाटत नाहीये. तुला सुट्टी खरंच महत्त्वाची असेल तर सांग. मी थांबतो."

मला हो म्हणायचं होतं. फक्त हो! पण न मागता मिळालेलं पहिल्या झटक्यात घेतो का आपण कधी? आधी नको म्हणायचं. मग समोरच्याने आग्रह करायचा. आपण पुन्हा नको नको करायचं, आणि तिसऱ्यांदा, त्यांचं मन मोडू नये म्हणून, घ्यायचं. जन्मभर हेच केलेलं.

"नो नो, सर," मी हसून म्हणालो. "गेम इज गेम. आई वाट बघत असेल तुमची."

आणि मी आग्रहाची वाट बघू लागलो.

"यू आर अ गुड मॅन!" साहेब म्हणाले, माझा हात जोरात दाबला, आणि तिकीट पक्कं करायला केबिनमध्ये निघून गेले.

मी संध्याकाळपर्यंत त्यांच्या केबिनसमोरून उगाच चकरा मारल्या. त्यांनी प्रत्येक वेळी हात हलवला.

घरी जाऊन नीलाला सगळं सांगावंच लागलं. ती बॅग भरत होती. शालूची घडी मांडीवर घेऊन ती खाली बसली.

"म्हणजे शुभीचं कन्यादान त्या लांब्यावर होतं?"

"हो."

"आणि मीच सांगितलं, देऊन टाका?"

"हो."

तिने मांडीवरचा शालू उलगडून पुन्हा घडी घातली. मग म्हणाली, "पण साहेबांनी नंतर स्वतःहून विचारलं ना? तुम्ही नको का म्हणालात?"

"एकदम हो कसं म्हणणार?"

ह्यावर ती चिडेल असं वाटलं होतं. पण तिने मान डोलावली. एवढं तिला पटलं. "बरोबर आहे. एकदम कसं म्हणणार. मग त्यांनी परत विचारलं नाही?"

"नाही."

"कसली माणसं," नीला म्हणाली, आणि रडायला लागली. मलाही तेव्हा फार वाईट वाटलं. शुभी आमच्या लग्नात फ्रॉक घालून माझे बूट लपवत होती, आणि तिच्या हातावर पाणी सोडायला मी तिथे नसणार होतो.

नीला आणि ऋता गेल्या. कन्यादान नीलाच्या दापोलीच्या काका-काकूंनी केलं. साहेब आईकडे पोचले. ऑफिसातले बाकीचेही नाताळला पांगले. लग्नाच्या दिवशी मी परमिटवर सह्या करत बसलो होतो, तेवढ्यात चिपळूणहून फोन आला. मागे सनई वाजत होती. सासूबाई होत्या. मी तोंडात क्षमा तयारच ठेवली होती.

"जावईबापू," त्यांचा आवाज भरून आला होता, "नीलाने सांगितलं सगळं."

मी पेन खाली ठेवलं. "आई, मी खरं म्हणजे..."

"काही बोलू नका. साहेब सगळं ऑफिस तुमच्या एकट्याच्या भरवशावर सोडून अमेरिकेला गेले म्हणे. इथे मांडवात प्रत्येकाला सांगतेय मी. व्याह्यांनाही सांगितलं. केवढा विश्वास हो!"

मी मान वर करून बघितलं. सगळं ऑफिस खरोखरच माझ्या एकट्याच्या भरवशावर होतं, कारण ऑफिसात दुसरं कोणी नव्हतंच.

"थँक यू," मी म्हणालो. हे मात्र पहिल्या झटक्यात घेतलं.