दव वाळल्यावर

सोलरच्या दुरुस्तीत मी दहा वर्षं काढली. जन्मभर पुरेल एवढी शरम मात्र कबनूरच्या एका शेडवर मिळाली. शेडमध्ये आठ यंत्रमाग, छपरावर सोलरची पॅनलं. नवऱ्यामागे एक बाई ते माग एकटीने चालवत. सगळे त्यांना आक्का म्हणत. या मागांवाचून आपल्याला दुसरं काही नाही, हे त्यांनी पहिल्याच भेटीत मला सांगून टाकलं होतं.

तक्रार साधी होती. सकाळी इन्व्हर्टर तांबडा दिवा लावून बंद, ऊन चढलं की आपोआप चालू. म्हणजे पॅनलची तार कुठेतरी सोलली होती आणि दवाने ओली झाली की वीज लोखंडी सांगाड्यात उतरत होती. सातला जाऊन दोन्ही तारांचं जमिनीशी व्होल्टेज मोजलं असतं, तर त्या दोन आकड्यांवरून कितव्या पॅनलजवळ बिघाड आहे ते पाच मिनिटांत कळलं असतं. पण आमच्या शाहूपुरीतल्या ऑफिसचा रिवाज ठरलेला : दहाला सही, मग चहा, मग गाडी. मी पोचायचो अकराला. तोवर दव वाळलेलं असायचं आणि मीटर काहीच दाखवायचा नाही.

"पावणं, तुमी आलासा की गप बसतंय, गेलासा की परत रुसतंय," आक्का म्हणायच्या.

"मला भितंय ते, आक्का," असं म्हणून मी तीनदा कागदावर 'ओके' लिहून आलो. त्या विनोदाची मला आजही चीड येते.

चौथ्या खेपेला शिडी चढत होतो तोच चरचर ऐकू आली. तार आणखी एका जागी सोलून सांगाड्याला टेकली होती आणि तिथे ठिणगी धरली होती. ही डीसी वीज, एकदा धरली की सहजी सुटत नाही. खटका पाडला, पण बिघाड खटक्याच्या आधीच, पॅनलच्या बाजूला होता. ऊन आहे तोवर वीज येतच राहणार. पाणी मारावं तर मारणाऱ्यालाच झटका. पॅनल झाकणं एवढाच उपाय होता. मी ताडपत्री मागितली, ती कुणाकडेच नव्हती. मग कामगार कापडाचे तागे घेऊन धावले. आक्का शिडीशी उभ्या राहून स्वतः वर देत होत्या. त्यांच्याच मागावरचं कोरं, पांढरं, विरळ कापड. दोन पदर घातले, चार पदर घातले. ऊन त्यातून झिरपतच राहिलं.

ठिणग्या छपराच्या फटीतून खाली मागांभोवती साठलेल्या कापसाच्या फुगीवर, त्या हलक्या तंतूंवर पडल्या आणि आग भडकली. आम्ही कसेबसे उतरलो. माणसं सगळी बाहेर आली, माग आत राहिले. इचलकरंजीहून बंब येईपर्यंत आम्ही रस्त्यावर नुसते बघत उभे होतो. माझ्या हातात मीटर तसाच होता.

सगळं विझल्यावर आक्का माझ्याजवळ आल्या. आवाजात राग नव्हता.

"सातला आला असतासा, तर घावलं असतं न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि वर पोचलेच नव्हते ते तागे उचलून घडी घालायला घेतले. मी दुसरं टोक धरायला पुढे झालो. त्यांनी ते हळूच माझ्या हातातून काढून घेतलं.