सोबत कोण आलंय?

डॉक्टरीणबाईंनी वीस वर्षांत हजारो पोटं दाबली, पण दुखतंय कुठे ते पोटवाल्याला क्वचितच विचारलं. त्यांच्या गावच्या दवाखान्यात तशी रीतच नव्हती. पेशंट स्टुलावर बसायचा आणि बोलायचं सोबत आलेल्यानं. पेशंटनं मधे तोंड घातलंच तर सोबतचा त्याला गप्प करायचा.

परदेशात ह्याच सवयीनं घात केला. इथं डॉक्टरकीला परवाना हवा, परवान्याला परीक्षा. लेखी पेपर बाईंनी झोकात सोडवले. प्रात्यक्षिकात मात्र आजाराचं सोंग घेतलेला माणूस समोर बसवतात, कोपऱ्यात परीक्षक. बाई आत गेल्या आणि पहिलंच विचारलं, "सोबत कोण आलंय?" कोणीच नव्हतं. दुसऱ्या खेपेला त्यांनी थेट परीक्षकालाच विचारलं, की ह्यांना कधीपासून होतंय. दोन्हीदा नापास. आता एकच संधी उरली होती. ती हुकली, की इस्पितळात रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचं हातातलं कामच जन्मभर.

घरात तालीम सुरू झाली. नवरा स्वयंपाकघरात पोट धरून बसला. बाईंनी हात धुतले, नाव सांगितलं, तपासायची परवानगी घेतली आणि काय होतंय म्हणून विचारलं. नवऱ्यानं तोंड उघडायच्या आत ओट्यापाशी सासूबाई बोलल्या, "व्हायचंय काय? लहानपणापासून बटाटा बाधतो त्याला."

बाई सवयीनं तिकडं वळल्या. सासूबाईंनी लेकाच्या पोटाचा चाळीस वर्षांचा इतिहास काढला. नवरा म्हणाला, माझं इथं काही काम दिसत नाही, मी उठू का?

आठवडाभर हेच. शेवटी बाईंनी मनाचा हिय्या केला. "आई, मला ह्यांच्याशी जरा एकांतात बोलायचंय. तुम्ही बाहेर बसता का?"

भरदिवसा, सासूसमोर, नवऱ्याशी एकांत! सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आपणच येऊन खुर्ची ओढली. "पुन्हा म्हण. आवाज कापत होता तुझा." आणि मग त्या रोज नवी अडवणूक करू लागल्या. कधी डोळे पुसायच्या, कधी ऐकूच येत नाही म्हणायच्या.

परीक्षेच्या दिवशी खोलीत एक तरुण पेशंट आणि शेजारी त्याची आई. आईचा पट्टा आधीच सुरू. चेहरा तेवढा वेगळा, बाकी घरचंच माणूस. बाईंनी तिला बाहेर बसायची विनंती केली. ती फणकारली, माझ्यापासून काय लपवायचंय? हे तर सासूबाईंचं चौथ्या दिवसाचं वाक्य.

"लपवायचं काही नाही. आधी त्यांचं ऐकते, मग तुम्हाला आत बोलावते."

निकाल आला, पास. संध्याकाळी नवऱ्याच्या मावशीचा फोन आला, सूनबाईचं काय झालं म्हणून. सासूबाईंनी तो झडप घालून उचलला, सांगायला तोंड उघडलं, आणि थबकल्या.

"तिलाच विचार बाई," असं म्हणून त्यांनी फोन सुनेच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन बसल्या. दार तेवढं उघडंच ठेवलं.