वामन खरातने विचारलं होतं

उत्तर सरहद्दीवरच्या रिले पोस्टवर माझी पोस्टिंग झाली तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. पोस्टची उंची चौदा हजार फुटांच्या वर. एक बंकर, एक अँटेना, दोन वायरलेस सेट, बॅटऱ्या चार्ज करायला लहान जनरेटर आणि पाच माणसं. खाली दरीत कंपनी हेडक्वार्टर्स होतं, पलीकडे पेट्रोलिंगचा इलाका. मध्ये डोंगर असल्यामुळे त्यांचं एकमेकांशी थेट बोलणं होत नसे. खालचा संदेश पलीकडे पोचवायचा आणि पलीकडचा खाली, एवढंच आमचं काम.

मी अंधेरीजवळच्या मरोळ गावठाणातला. ईस्ट इंडियन ख्रिस्ती. शाळा मराठी माध्यमाची. ट्रंकेत कपड्यांखाली पुस्तकं असायची, म्हणून पोस्टवर मला ‘पंडित’ म्हणत.

लान्स नाईक वामन खरात घाटकोपरचा, डोंगरावरच्या चाळीतला. त्याचं कुटुंब बौद्ध, वडील लवकर गेलेले, घरी आई. तो पेट्रोलबरोबर, म्हणजे गस्तीच्या तुकडीबरोबर, सेट घेऊन जायचा, मी पोस्टवर बसायचो. एवढ्या बर्फात मुंबईचे आम्ही दोघेच.

"काय रे पास्कल, मरोळचे डास कसे आहेत?"

"घाटकोपरपेक्षा कमी."

"मग फौजेत कशाला मरायला आलास? तिथंच झकास होतं ना!"

वामनला सगळे ‘सेअगेन’ म्हणत. वायरलेसवर संदेश नीट आला नाही तर ‘से अगेन’ म्हणायचं असतं, म्हणजे पुन्हा सांगा. वामन नीट आलेल्या संदेशालाही से अगेन म्हणायचा. सुभेदारसाहेब एकदा भडकले.

"खरात, बहरा है क्या?"

"नहीं साब. पक्का करता हूँ."

माझं उलटं होतं. ट्रेनिंग सेंटरमध्ये पहिल्याच आठवड्यात मी से अगेन म्हणालो, तेव्हा इन्स्ट्रक्टरने विचारलं होतं, "कान घर पे छोड़ के आया?" चाळीस जण हसले. गोष्ट लहान होती. पण त्यानंतर मी कधी पुन्हा विचारलं नाही. अर्धं ऐकायचो, उरलेलं अंदाजाने भरायचो आणि ‘रॉजर’ म्हणायचो. रॉजर म्हणजे ऐकलं आणि समजलं. माझा अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघे, त्यामुळे ऑपरेटर म्हणून माझं नाव चांगलं होतं.

त्या दिवशी पेट्रोल सकाळी साडेसहाला परतीला निघालं. चार माणसं. चार तासांच्या चालीवर फाटा होता आणि तिथून यायला दोन वाटा होत्या. नाल्यातून दोन तासांची, रिजवरून, म्हणजे डोंगराच्या धारेवरून, पाच तासांची. तीन दिवस बर्फ पडून आदल्या दिवशी ऊन आलं होतं. अशा उन्हानंतर नाल्यावरचा बर्फ सुटतो. हे कंपनीला माहीत होतं. मलाही माहीत होतं.

सव्वानऊला कंट्रोलचा, म्हणजे खालच्या हेडक्वार्टर्सचा, आवाज आला. सेटवर खरखर होती.

"रिले, कंट्रोल. मेसेज फॉर पेट्रोल. नाला..." मग खरखर. "...से आओ. ओव्हर."

पाठवणाऱ्याने म्हटलं होतं, "नाला छोड़ो, रिज से आओ." मधले दोन शब्द खरखरीत गेले. माझा हात स्विचवर होता. पुन्हा विचारायला तीन सेकंद लागले असते. कंट्रोलवर त्या दिवशी एक कॅप्टनसाहेब बसले होते, मागून त्यांचा आवाज येत होता.

"रॉजर. आउट," मी म्हणालो.

मेसेज पॅडवर मी पेन्सिलने लिहिलं: नाले से आओ. मग पेट्रोलला बोलावलं.

"पेट्रोल, रिले. नाले से आओ. ओव्हर."

"रिले, पेट्रोल. से अगेन. ओव्हर."

मी पुन्हा सांगितलं. मग वामन मराठीत बोलला. वायरलेसवर मराठी बोलायची परवानगी नव्हती.

"पास्कल, नाला? पक्का ना?"

"पक्का. आउट."

अकरा चाळीसला खालून मोठा आवाज झाला. जनरेटर बंद पडला असं वाटून मी बाहेर आलो. जनरेटर चालू होता. नाल्याच्या बाजूला पांढरी धूळ वर चढत होती. मी पेट्रोलला बोलावत राहिलो. अकरा पन्नासला कंट्रोलने विचारलं, "रिले, पेट्रोल रिज पर पहुँचा?"

तेव्हा मला कळलं.

तिघं जण बर्फातून बाहेर आले. वामन दोन दिवसांनी सापडला. सेट पाठीवर होता. हँडसेट त्याने कोटाच्या आत, छातीशी धरला होता. थंडीत हँडसेटवर बर्फ धरू नये म्हणून आम्ही सगळेच तसं करत असू.

मी केलं ते यानंतर केलं. मेसेज पॅडवरचा ‘नाले’ हा शब्द रबराने खोडला आणि तिथे ‘रिज’ लिहिलं. चौकशी बसली तेव्हा मला विचारलं गेलं, "आपने पेट्रोल को क्या बताया?"

"रिज, सर."

"मैसेज साफ था?"

"यस सर."

हँडसेट वामनच्या कानाला होता. बाकीचे तिघं तेव्हा बरेच पुढे चालत होते आणि पोस्टवर सेटपाशी मी एकटाच होतो, त्यामुळे आमचं बोलणं दुसऱ्या कोणी ऐकलं नव्हतं. कागदावर नोंद झाली की पेट्रोलच्या ऑपरेटरने संदेश चुकीचा ऐकला. आमच्यात सगळ्यांत जास्त वेळा विचारणाऱ्या माणसावर न विचारल्याचा ठपका आला.

पुढच्या वर्षांत मला बढतीच्या कोर्ससाठी तीनदा निवडलं. पहिल्या वेळी मी रजेवरून चार दिवस उशिरा परतलो. दुसऱ्या वेळी उत्तरपत्रिका कोरी दिली. तिसऱ्या वेळी सकाळच्या परेडला रम पिऊन उभा राहिलो. साहेबांनी विचारलं, "क्यों, पास्कल?" नावापुढे चांगली नोंद व्हायची वेळ आली की माझा हात आपोआप ती खोडायला जाई. मुदत संपली तसा मी शिपाई म्हणून गेलो होतो त्याच रँकवर घरी आलो.

मरोळमध्ये थोरली बहीण फिलू होती. तिने साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये मला चिकटवलं. आठ महिन्यांनी मालक म्हणाला, सोमवारपासून सुपरवायझर हो. सोमवारी मी गेलोच नाही. मग वसईकडचं एक स्थळ आलं. मुलगी शिक्षिका होती, वाचणारी. साखरपुड्याच्या दोन दिवस आधी मी निरोप पाठवला की मला जमणार नाही.

फिलू मासे साफ करत होती. हातातली सुरी तशीच ठेवून म्हणाली, "पास्कू, दुसरे लोक दुसऱ्यांची वाट लावतात. तू स्वतःची लावतोस. कुणाचा सूड घेतोयस रे?"

मी दाराकडे वळलो.

"मला सांगू नकोस. माझ्या पोटात काही राहत नाही, सगळ्या गावठाणाला माहितेय. पण कुणाला तरी सांग."

ईस्टरआधीच्या उपासकाळातला शनिवार होता, दुपारचे चार. चर्चमध्ये पापनिवेदनाची रांग होती. जाळीपलीकडे फादर सायमन. वय ऐंशीच्या आसपास आणि कान पार गेलेले. गावातले लोक मुद्दाम त्यांच्याकडेच जात, कारण त्यांना अर्धंच ऐकू येई. मीही त्याच हिशेबाने गेलो, हे कबूल करतो. हळू आवाजात सगळं सांगून टाकलं.

"काय?" जाळीतून आवाज आला. "ऐकू नाही आलं. परत सांग."

मी परत सांगितलं.

"मोठ्यानं. बर्फापर्यंत कळलं. पुढचं परत सांग."

तिसऱ्यांदा मी बहुधा ओरडलोच. बाहेरच्या बाकांवर जपमाळ म्हणणाऱ्या बायका थांबल्या. फादरना मात्र काहीच लाज नव्हती. अख्ख्या पंचक्रोशीत आपण बहिरे म्हणून प्रसिद्ध आहोत आणि पुन्हा विचारल्याशिवाय क्षमा देता येत नाही, एवढंच त्यांना माहीत होतं.

शेवटी ते म्हणाले, "कोर्स सोडलास, नोकरी सोडलीस, मुलगी सोडलीस. ही शिक्षा तुला कुणी दिली?"

"मीच, फादर."

"तो अधिकार तुझा नाही. क्रुसावर एकजण आधीच गेलाय. तिथे दुसऱ्याला जागा नाही. उतर खाली."

मी रडलो नाही. लाकडी जाळीवर हात ठेवून बसलो. मला क्षमा हवी होती असंही तोवर मला वाटलं नव्हतं. मला फक्त शिक्षा हवी होती आणि ती मी हप्त्याहप्त्याने घेत होतो. देवाने दिलेली क्षमा घ्यायची म्हणजे आधी ऐकून घ्यावी लागते, अंदाजाने रॉजर म्हणून चालत नाही.

"प्रायश्चित्त सांगतो," फादर म्हणाले. "त्या मुलाच्या घरी जा. खोडलेला शब्द परत लिहून ये."

पुढच्या रविवारी चर्चमधली उपासना, म्हणजे मिस्सा, झाल्यावर मी घाटकोपरला गेलो. चढण होती, शेवटी पायऱ्या. बाहेर बाई तांदूळ निवडत बसली होती. चेहरा वामनचाच.

"जयभीम, आई. मी पास्कल. वामनबरोबर होतो."

"मरोळचा? डासांचा?" तिने सूप बाजूला ठेवलं. "पत्रात लिहायचा तो. आत ये."

आत बुद्धाच्या तसबिरीशेजारी वामनचा युनिफॉर्ममधला फोटो होता. तिने पाणी दिलं. मी प्यायलो नाही. आधी सांगायचं असं ठरवलं होतं. सांगितलं. सव्वानऊपासून अकरा पन्नासपर्यंत, मग रबर, मग चौकशी.

ती फोटोकडे बघत होती.

"तुला ऐकू आलं नव्हतं?"

"अर्धंच आलं होतं."

"मग विचारलं का नाहीस?"

"लाज वाटली."

"लाज," ती म्हणाली. मग, "युनिटमधून माणूस आला होता. म्हणाला, तुमच्या मुलाने नीट ऐकलं नाही. चाळीत सगळ्यांना कळलं. अरे, माझा वामन कोथिंबीर आणायला पाठवला तरी जिन्यावरून दोनदा ओरडून विचारायचा. सहा वर्षं मी हाच विचार करतेय, की त्याच दिवशी माझ्या पोराने कसं नाही विचारलं?"

"विचारलं होतं, आई."

"काय म्हणाला?"

"से अगेन म्हणाला. परत सांग. मग मराठीत विचारलं, पक्का ना?"

तिने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता ती मला निघ म्हणेल. तेवढा तिचा हक्क होता आणि मी उठायच्या तयारीत होतो.

"परत सांग," ती म्हणाली.

"काय?"

"सगळं. पहिल्यापासून."

मी परत सांगितलं. त्या दिवशी तीनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी तिने शेजारणींना बोलावलं आणि दारात उभं करून ऐकायला लावलं. त्या माझ्याकडे कशा बघत होत्या ते मी लिहीत नाही. निघताना तिने माझ्या नमस्काराला उत्तर दिलं नाही. म्हणाली, "माफ केलं असं मी म्हणणार नाही. पण वर्षातून एकदा यायचं. त्याच तारखेला. येऊन हे सांगायचं."

मी फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहिलं, नाव आणि नंबरासकट. जी काय शिक्षा असेल ती भोगायची तयारी होती. पाच महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं की निवेदनाची नोंद घेतली आहे. ते उत्तर मी वामनच्या आईला नेऊन दिलं. तिने ते फोटोच्या चौकटीत, काचेखाली सरकवलं.

दशक संपायच्या आत मला माहुलजवळच्या एका कारखान्यात वायरलेस कंट्रोल रूममध्ये नोकरी लागली. तिथे टाक्या, पाइपलाइन, व्हॉल्व्ह असतात आणि चुकीच्या नंबरचा व्हॉल्व्ह उघडला तर माणसं मरतात. मी प्रत्येक संदेश पुन्हा विचारायचो आणि पुन्हा वाचून दाखवायचो. पहिल्या महिन्यात ऑपरेटर वैतागले. "काका, कानात बोळे घातलेत का?" मी म्हणायचो, "हो. परत सांग." मला शिफ्ट इन्चार्ज करायचं ठरलं तेव्हा आदल्या दिवशी जुनी सवय पुन्हा वर आली. ड्यूटीवर जाऊ नये असं वाटलं. सकाळी सातच्या मिस्साला गेलो, गुडघे टेकले, म्हणालो, देवा, मला नीट ऐकू आलं नाही, परत सांग. मग ड्यूटीवर गेलो. निवृत्त झालो तो चीफ ऑपरेटर म्हणून. ती वसईची शिक्षिका तोवर थांबली नव्हती. तिचं लग्न झालं होतं. जे गेलं ते गेलंच.

फादर सायमन गेले. वामनच्या आईकडे मी अठरा वर्षं गेलो. शेवटच्या वर्षांत तिलाही कमी ऐकू येई आणि मी मोठ्याने सांगायचो. तिने माफ केलं असं कधी म्हटलं नाही. शेवटच्या वर्षी मी पाणी न पिता सांगायला लागलो तेव्हा म्हणाली, "आधी पी. मग सांग." ती गेल्यावरही मी त्या तारखेला त्या पायऱ्या चढतो. दार आता दुसऱ्यांचं आहे. मी चढणीवरच्या कठड्याला टेकून उभा राहतो आणि सव्वानऊपासून अकरा पन्नासपर्यंत सगळं मनात सांगतो.

मे महिन्यात आमच्या गावठाणातल्या क्रुसापाशी लादीन असतं. एकजण संताचं नाव घेतो, बाकीचे म्हणतात, आम्हांसाठी विनंती कर. तेच वाक्य, पुन्हा पुन्हा. शेवटी मृतांची नावं घेतात. मी वामन खरात हे नाव घेतो. आमच्या पॅरिशमध्ये या नावाचं कोणी नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आता कोणी विचारत नाही.

कंट्रोल रूममध्ये शेवटी शेवटी नवी पोरं मला माझ्या नावाने हाक मारत नसत. त्यांनी आपसात एक नाव पाडलं होतं आणि मला ते ऐकू येत नाही असं त्यांना वाटायचं. ते मला सेअगेन म्हणत.

ते नाव माझं नव्हतं. लान्स नाईक वामन खरात, राहणार घाटकोपर, याचं होतं. त्याने विचारलं होतं.