मालिका बघून रडलेले चाचा
एका थाळीत जेवणाऱ्या माणसाने ऐनवेळी तुम्हाला कधी एकटं पाडलंय? खजुराचा वास आला की मला सौदीतल्या हुफूफची खजूर पॅकिंगची शेड आठवते. खोलीवर आम्ही कोकणातली माणसं हिंदीत डब केलेली एक चिनी मालिका बघायचो. त्यात आजारी शिलाईवालीला कामावरून काढतात, तेव्हा सगळ्या बाया आपापली मशीन बंद करतात. ते बघून आमच्यातले वडीलधारे चाचा डोळे पुसत म्हणाले, "उद्या आपण पण बोलायचं. शेडमध्ये माणसं चक्कर येऊन पडतात, निदान पंखे तरी मागू." सकाळी मुकादमापुढे मी बोललो आणि मागे पाहिलं. "साहेब, आमची काय तक्रार नाय," चाचा म्हणाले, "हाच गरम डोक्याचा." कफीलने, म्हणजे ज्याच्या व्हिसावर आलो होतो त्या मालकाने, मला गावी परत पाठवलं. आजही मुकादमापेक्षा चाचांचाच राग जास्त येतो. पडद्यावरच्या कामगारांसाठी रडत असाल, तर शेजारचा बोलायला उभा राहील तेव्हा त्याच्या बाजूने एक वाक्य तरी बोला.